चप्पल निसटली तरी कळलं नाही: मधुमेह शरीरभर काय करतो

गेल्या गणपतीत मामा विसर्जनाहून घरी आले ते एकाच पायात चप्पल घेऊन. मामींनी दारातच विचारलं, "अहो, दुसरी कुठाय?" मामांनी खाली पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं. घाटापासून घर चांगलं पाऊण किलोमीटर. पायरीवर रक्ताचे ठसे उमटले होते आणि तळव्यात काचेचा तुकडा रुतलेला. "गर्दीत राहिली असेल," मामा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, हे आज लिहायला बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना डॉक्टरांनी विचारलं, "पायाला मुंग्या येतात का?"

"यायच्या. दोन वर्षांपूर्वी तर रात्रीची झोप लागायची नाही. आता बंद झाल्यात, आता काही त्रास नाही."

डॉक्टरांचा हात जागीच थांबला. मामांनी चांगली बातमी दिली होती. डॉक्टरांनी ऐकलं ते वेगळंच: या माणसाच्या पायांनी ओरडणं सोडून दिलं आहे.

मामांना शुगर चौदा वर्षांपासून. 'शुगर' हा आपल्याकडचा लाडाचा शब्द. बीपी, शुगर, थायरॉइड असं एका दमात सांगतात, जणू ओळखपत्रावरची माहिती. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने १ लाख १३ हजारांहून जास्त लोकांची पाहणी करून २०२३ साली आकडे दिले: देशात मधुमेही अंदाजे १० कोटी १० लाख, आणि उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. राज्यांमध्ये पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. म्हणजे मोठ्या माणसांत साधारण चौघांमागे एक.

घराघरांत रोग आहे, तरी एक प्रश्न बहुतेकांच्या डोक्यात तसाच राहतो. साखर वाढते रक्तात, मग बिघडतात डोळे, किडनी आणि पाय, हे कसं?

## एका चमचा साखरेचा फरक

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत. गुणाकार करून बघा: सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. साखर २०० झाली की दोन चमचे. रोगी आणि निरोगी यांच्यात फरक आहे तो एवढाच, एका चमच्याचा. म्हणून तर त्रास जाणवत नाही. पण हा जास्तीचा चमचा चोवीस तास, वर्षानुवर्षं, शरीराच्या कानाकोपऱ्यात फिरत राहतो.

तो दोन तऱ्हांनी नुकसान करतो. पहिली तऱ्हा चिकटण्याची. तव्यावरच्या भाकरीला तपकिरी डाग पडतात, ते पिठातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांना धरून बसल्यामुळे. शरीरात तव्याइतकी उष्णता नाही, पण वेळ भरपूर आहे. रक्तातली जास्तीची साखर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या प्रथिनांना हळूहळू चिकटते आणि भिंती कडक होतात, जुन्या रबरी नळीसारख्या.

दुसरी तऱ्हा दारांची. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना साखरेसाठी दार असतं आणि स्वादुपिंडात बनणारं इन्सुलिन आल्याशिवाय ते नीट उघडत नाही. पण डोळ्याचा पडदा, किडनीची चाळणी, नसा आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर, इथल्या पेशींना असं दार नाही. बाहेर जेवढी साखर, जवळजवळ तेवढी आत. मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं की उंच उंबऱ्याची दुकानं वाचतात आणि रस्त्याच्या पातळीवरची बुडतात, तसं हे. रोग अंगभर असला तरी ठरावीक अवयवांवरच का उठतो, याचं बरंचसं उत्तर या नसलेल्या उंबऱ्यात आहे.

तेव्हा मधुमेह हा नावाने साखरेचा आजार आहे, कामाने तो रक्तवाहिन्यांचा आणि नसांचा आजार आहे. (नस हा शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो. या लेखात नस म्हणजे संवेदना नेणारी तार. रक्त नेते ती रक्तवाहिनी.)

## 'तीन महिन्यांची साखर' म्हणजे काय?

हे चिकटणं मोजता येतं. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनलाही साखर चिकटते. मधुमेह्यांच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन इराणच्या सॅम्युएल राहबार यांच्या लक्षात आलं ते १९६८ मध्ये. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे तिच्यावर किती साखर बसली आहे यावरून मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब निघतो. हीच ती एचबीएवनसी तपासणी. साडेसहा टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह. आजार असलेल्या बहुतेकांसाठी सातच्या आसपास ठेवायचं ध्येय असतं.

तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून आणि घरभर फेऱ्या मारून 'फास्टिंग' नॉर्मल आणणारे महाभाग प्रत्येक घरात असतात. ते या तपासणीला फसवू शकत नाहीत. मात्र रक्तक्षय किंवा सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर हा आकडाच चुकीचा येऊ शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो, तिथे डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.

## जुन्या लोकांना कुठे होतं हे सगळं?

हा आक्षेप नेहमीचा, आणि त्याचं उत्तर जरा विचित्र आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी ज्या मुलांच्या अंगात इन्सुलिन बनणंच थांबायचं, ती काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत दगावायची. डोळे आणि किडनी खराब व्हायला लागणारी पंधरा-वीस वर्षं त्यांना मिळतच नव्हती. इन्सुलिनने माणसं जगायला लागली आणि मगच ही दुखणी मोठ्या संख्येने समोर आली. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचं म्हणाल, तर पणजोबांचे डोळे गेले ते 'म्हातारपणामुळे' आणि पाय सडला तो 'काटा लागून', एवढंच घरात सांगितलं गेलं. कारण कुणी मोजलंच नव्हतं.

## डोळा: चष्म्याचा नंबर वेगळा, पडदा वेगळा

शरीर न कापता आतल्या रक्तवाहिन्या थेट बघता येतील अशी जागा जवळजवळ एकच, डोळ्याचा मागचा पडदा. तिथल्या केसाहून बारीक वाहिन्यांना आधी फुगवटे येतात, मग त्या पाझरतात. पुढे रक्त पुरेना झालं की पडदा घाईघाईने नव्या वाहिन्या उगवतो. त्या इतक्या कच्च्या असतात की एखाद्या सकाळी फुटतात आणि डोळ्यासमोर काळी जाळी तरंगायला लागते. पडद्याचा मधला भाग शाबूत आहे तोवर पेपर स्पष्ट वाचता येतो, म्हणून इथवर येईपर्यंत माणूस निर्धास्त.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही. डोळ्यात औषध घालून, बाहुल्या मोठ्या करून पडदा बघावा लागतो, किंवा खास कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढावा लागतो. औषध घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घेऊन जाऊ नका. लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं उरलेली नजर वाचवतात. गेलेली काही वेळा थोडीफार परत येते, पण त्या भरवशावर राहू नये.

## किडनी: क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून काय झालं?

एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला अंदाजे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दोनेक लिटर सोडून सगळं परत घेतात. चहाची गाळणी जुनी झाली की आधी बारीक चोथा कपात उतरतो. किडनीतही तसंच: आधी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरायला लागतं.

तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो कचरा, बहुधा नॉर्मलच असतं. ते वर सरकेपर्यंत कित्येकदा किडनीची निम्मी ताकद गेलेली असते. म्हणून लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणाची तपासणी वर्षातून एकदा करायची. आकडा ३० च्या आत हवा. ३० ते ३०० मध्ये असेल तर अजून बरंच काही हातात आहे. पुढे डायलिसिस लागलं तर आठवड्याला तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना त्यावर आणखी काही सांगायची गरज नाही.

इथे ठरलेला आक्षेप येतो: "त्या गोळ्यांनीच किडनी जाते." मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीवर हा आळ सगळ्यात जास्त. ती गोळी किडनी खराब करत नाही. किडनीवाटे बाहेर पडते, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करतात किंवा बंद करतात. गोळी बंद झाली आणि किडनी खराब निघाली, एवढं दिसतं, आणि लोक क्रम उलटा लावतात. गंमत म्हणजे मेटफॉर्मिनला घाबरणारी हीच मंडळी गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून पट्टीच्या पट्टी आणून खातात. त्या किडनीला खरोखर महाग पडू शकतात. आत काय आहे हे न लिहिलेल्या, 'शुगर मुळापासून घालवणाऱ्या' पुड्यांचंही तेच.

चांगली बातमीही याच खात्यात आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा काढला गेला. त्याने लघवीतून साखर जाते, हे पुढे कळलं. त्या धाग्यावरून शंभराहून जास्त वर्षांनी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी औषधं आली. ती जास्तीची साखर लघवीवाटे सोडून देतात, आणि त्यापलीकडे किडनी आणि हृदय दोन्हींना आधार देतात. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपलं आणि किंमत एकदम उतरली. ती सगळ्यांना चालतात असं नाही, पण 'मला चालेल का?' हे आपल्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

## पाय: न दुखणारी जखम

मामांकडे परत येतो, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पायाबद्दल.

नसा जितक्या लांब तितक्या आधी बिघडतात. सर्वांत लांब नसा पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात बोटांपासून, आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. आधी मुंग्या, जळजळ, रात्री चादरीचा स्पर्शही नको वाटणं. मग शांतता. औषधाने मुंग्या थांबल्या तर ठीक, पण आपोआप थांबल्या तर ती तार तुटल्याची खूण असू शकते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात, विशेषतः शाकाहारी माणसाला. ते तपासून घ्यावं, त्यावर उपाय सोपा आहे.

मामांची तपासणी मी समोर बसून पाहिली. डॉक्टरांकडे नायलॉनचा एक धागा होता, मासे पकडायच्या दोरीच्या तुकड्यासारखा. तो तळव्याला टेकवून दाबला की वाकतो. वाकतो तेव्हा दाब बरोबर दहा ग्रॅम पडतो.

"डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणा."

मामांनी डोळे मिटले. अंगठा, करंगळीचा उंचवटा, टाच, धागा सगळीकडे वाकत गेला. मामा गप्प. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "सुरू करताय ना?"

असा पाय आपल्याकडच्या रोजच्या जगण्यात कसा सापडतो बघा. थंडीत गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं, म्हणजे कातडी सोलवटून निघाल्यावरच कळणार. भर उन्हात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा. मोटरसायकलच्या सायलेन्सरला टेकलेली पोटरी. घट्ट झालेली जोडवी, पायाला सूज आल्यावर बोटात रुतत जाणारी. ब्लेडने घरच्या घरी कापलेलं कुरूप. रात्री झोपेत उंदीर पाय कुरतडून गेला आणि सकाळी अंथरूण बघून कळलं, असे रुग्णही आपल्याकडच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. त्यात बधिर पायाला घाम येत नाही, म्हणून भेगा पडतात, आणि भेग म्हणजे जंतूंना उघडं फाटक.

"शुगरवाल्याची जखम भरत नाही" हे आपण गृहीत धरून चालतो. साखर जास्त असली आणि रक्तपुरवठा कमी असला की जखम भरायला वेळ लागतो, हे खरंच. पण आणखी एक कारण आहे, आणि ते उलगडलं कुष्ठरोग्यांच्या पायांवरून. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवलं की कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप 'झडत' नाहीत. संवेदना गेलेली असते, त्यामुळे माणूस जखमेवर वजन टाकून चालत राहतो आणि जखम रोज नव्याने होते. पायाला प्लास्टर घालून जखमेवरचा भार काढला की तीच जखम भरते. आपल्याला खडा टोचला तर आपण लंगडतो, आणि ते लंगडणं हाच उपचार असतो. मामांना लंगडायचं कारणच उरलेलं नाही.

कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेल्या मऊ रबराच्या, एमसीआर चपला आज मधुमेह्यांना सांगतात त्या यामुळेच. "त्या चपला कुष्ठरोग्यांच्या" म्हणून नाक मुरडणारे लोक मी पाहिलेत. पाय मात्र दोघांचे एकाच वाटेने जातात. बोट काढावं लागणं, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय, याची सुरुवात अनेकदा न दुखणाऱ्या एका फोडाने होते.

## हृदय, मेंदू आणि 'गॅस'

मोठ्या रक्तवाहिन्यांतही तेच, फक्त तिथे भिंतीवर चरबीचे थर बसतात. हृदयविकाराचा धोका मधुमेह्यांना इतरांपेक्षा दुप्पट ते चौपट धरला जातो. आणि इथेही नसा घात करतात: छातीत कळ येतेच असं नाही. नुसता घाम, दम, मळमळ, अचानक आलेला गळाठा. घरात कुणीतरी ओवा आणि सोडा देतं आणि महत्त्वाचे तास गॅसमध्ये जातात. मधुमेही माणसाला असं काही झालं तर आधी ईसीजी, ओवा नंतर.

साखरेच्या नादात दुर्लक्ष होतं ते रक्तदाबाकडे. ब्रिटनमध्ये वीस वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात एका गटाचा सरासरी रक्तदाब १५४/८७ राहिला, दुसऱ्याचा १४४/८२. वरच्या आकड्यात दहाचा फरक, आणि पक्षाघाताचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी. तेव्हा कारल्याचा रस रोज पिणाऱ्याने बीपीची गोळी मनाने बंद केली असेल, तर त्याचा हिशेब चुकतोय. तंबाखू आणि मशेरी याच खात्यात मांडायच्या.

## आणि बाकीचं अंग?

हिरड्या सुजतात, दात हलतात, आणि हिरड्यांचा संसर्ग उलट साखर वाढवतो. यकृतात चरबी साठते. खांदा जखडतो, हात मागे नेऊन ब्लाउजचा हुक लावता येत नाही. पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. पुरुषांना लैंगिक दुर्बलता येते, तिच्याबद्दल डॉक्टरांशी न बोलता लोक भिंतीवरच्या जाहिराती वाचतात. खरं तर तो पुढच्या हृदयविकाराचा आगाऊ इशारा असू शकतो. क्षयरोगाचा धोका दोन-तीन पट. आणि २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली. तिने ज्यांचे डोळे आणि जबडे नेले त्यांतले पुष्कळ जण मधुमेही होते, वर स्टेरॉइडने साखर आणखी चढलेली.

## "आता उशीर झाला, काय उपयोग?"

उपयोग आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ चाललेल्या अभ्यासात इन्सुलिनने साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळ्याच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचं प्रमाण ७६ टक्के कमी झालं. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखीच झाली, तरी आधी चांगली ठेवलेल्यांचा फायदा पुढे वर्षानुवर्षं टिकला. सुरुवातीची वर्षं म्हणजे बँकेतली ठेव. ज्यांनी ती ठेवली नाही त्यांचंही पुढचं नुकसान मंदावतं.

"इन्सुलिन लागलं आणि काकांचा पाय कापला" ही गोष्टही प्रत्येक घरात असते. इन्सुलिन दहा वर्षं उशिरा लागलं, हा त्या गोष्टीतला न सांगितलेला भाग.

पण म्हणून आकडा खेचून खाली आणायचा, असंही नाही. २००८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांची साखर अगदी नॉर्मलपर्यंत उतरवायचा प्रयत्न झाला, आणि त्या गटात मृत्यू जास्त झाल्याने तो भाग थांबवावा लागला. साखर एकाएकी उतरून चक्कर येणं, पडणं, हे वयस्कर माणसाला जास्त घातक. पंच्याहत्तरीच्या आजींना एचबीएवनसी साडेसात-आठ चालू शकतं. तिशीतल्या नातवाला नाही.

राहता राहिलं कधी तपासायचं. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झालं त्याच महिन्यापासून, कारण ब्रिटनच्या त्याच अभ्यासात नव्याने निदान झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या अंगात कुठल्या ना कुठल्या गुंतागुंतीची खूण आधीच सापडली होती. पडदा, लघवी, पाय, रक्तदाब, रक्तातली चरबी. वर्षातून एकदा, काही होत नसतानाच. मामांचं कार्ड मी काढून पाहिलं: चौदा वर्षांत फास्टिंग आणि पीपी (जेवणानंतरची साखर) शंभरेक वेळा, पाय एकदाही नाही. मोजे काढा असं कुणी म्हटलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

आता मामांनी चप्पल सोडून बंद, मऊ बूट घेतलेत. घालायच्या आधी ते उलटे करून झटकायचे, आत हात फिरवायचा, असा नियम आहे. परवा सकाळी झटकले तर आतून मामींच्या चष्म्याचा बारीक स्क्रू टणकन फरशीवर पडला. तो दोन दिवसांपासून शोधत होतो आम्ही. मामा आदल्या दिवशी तेच बूट घालून बँकेत, मंडईत आणि एका बारशाला जाऊन आले होते.

"बसा," मामी म्हणाल्या, आणि टॉर्च आणायला आत गेल्या.